डाय कोणी निवडली

बाबा,

मी आता अमरावतीला असते. एमआयडीसीत माझं स्वतःचं शेड आहे. छोटंच आहे, पण भाड्याचं नाही. गेल्या महिन्यात मी पत्रा वाकवायची नवी मशीन घेतली. बेंडिंग मशीन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर अकोल्यातली आपली ती हिरवी, तेल गाळणारी जुनी प्रेस येईल. ही तशी नाही. हिच्यात आकडे भरले की कोन ती स्वतः सांभाळते. पण एक गोष्ट अजूनही माणसालाच ठरवावी लागते. वरून दाबणारा पंच कोणता आणि खालून पत्रा झेलणारी डाय कोणती, हे मशीन ठरवत नाही. ते मालकाने ठरवायचं असतं, आणि चुकलं तर मालकानेच पुढे होऊन सांगायचं असतं की मी चुकलो. मी तरी असं समजते. तुमचं समजणं वेगळं होतं, म्हणून आज इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले आहे.

आपलं दुकान कुलरच्या बॉडीचं. होळी जवळ आली की शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. पातळ पत्रा, त्याला एकच पंच, एकच डाय, आणि दिवसभर तेच वाकवणं. प्रेसवर चाचा असत. माझ्या जन्माच्या आधीपासून ते तुमच्याकडे होते, तुम्हाला भाऊ म्हणत आणि मला बेटी. मी शाळेतून परस्पर शेडमध्ये आले की ते हात पुसून माझ्यासाठी पेरू कापायचे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करावा असं आधी तुम्हीच म्हणालात, हे मी नाकारत नाही. अमरावतीच्या होस्टेलवर सोडायला तुम्हीच आलात, आणि निकाल लागला त्या दिवशी सगळ्या कारागिरांसमोर मला लाकडी पेटीतला, जाडी मोजायचा नवा कोरा व्हर्नियर दिलात. "आता आपल्या दुकानात इंजिनिअर आली," म्हणालात. मी ती पेटी उशाशी घेऊन झोपले होते. पुढे काय झालं ते तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही. थोड्याच दिवसांत तो व्हर्नियर तुमच्या खिशात होता आणि मी केबिनमध्ये बिलं करत होते. प्रेसकडे गेले की तुम्ही म्हणायचात, "कायले येतं इकडे? कपडे खराब होतीन."

मग तेल्हाऱ्याकडच्या एका जिनिंगचं काम आलं. कापसाचा हंगाम तोंडावर होता आणि त्यांना कन्व्हेयरखाली बसवायचे चॅनल हवे होते, जाड पत्र्याचे, पन्हळीसारखे वाकवलेले. तुम्ही दसऱ्याच्या आत द्यायचा शब्द देऊन आलात. आपली डाय कुलरच्या पातळ पत्र्याची. डायच्या खाचेचं तोंड पत्र्याच्या जाडीच्या साधारण आठपट लागतं, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. तोंड लहान असलं की पत्रा वाकायला फार जोर लागतो, आणि तो सगळा जोर डायच्या अंगावर येतो. तुम्ही भंगारवाल्याकडून एक जुनी डाय उचलून आणलीत. तिचं तोंड आपल्या डायपेक्षा थोडं मोठं होतं, पण या पत्र्याला हवं त्याच्या निम्मंही नव्हतं. शिवाय एका बाजूला वरपासून खालपर्यंत वेल्डिंगची रेघ. कधीतरी तडकलेली डाय कुणीतरी जोडून, घासून, रंग मारून विकायला ठेवली होती.

मी केबिनमधून उठून आले. "बाबा, हे डाय नाई चालाची. तोंड लहान हाये. अन् हे पाहा, जोडेल हाये ते."

"तुह्या पुस्तकात नसन चालत. आमी काय पुस्तक वाचून पत्रा वाकवला काय आजलोक?"

"मंग अमरावतीले मोठ्या प्रेसवर वाकवून आनू ना. मी सोता घेऊन जातो."

तुमचा चेहरा तेव्हा बदलला. आता मला कळतं की डाय, पत्रा, जोर यातलं काहीच तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. सगळ्यांसमोर पोरगी बोलली, एवढंच ऐकू आलं होतं. "लोकाच्या दारात नेऊ माह्यं काम?" तुम्ही म्हणालात, आणि मग कारागिरांकडे वळून, "इंजिनिअरीन बाईले चहा सांगा रे." सगळे हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी त्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "भाऊ, बेटी म्हनते तं एकडाव पाहून घेऊ."

"चाचा, तुमी पेडल दाबा."

चाचांनी पेडल दाबलं. पहिले काही चॅनल निघालेसुद्धा. वाकलेल्या कडेवर बारीक भेगा होत्या, त्या तुम्ही अंगठ्याने झाकल्यात आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात. मी केबिनमध्ये परतले. मला राग आला होता, आणि थोडी लाजही वाटत होती, की खरंच मला काही कळत नसेल. मग तो आवाज झाला. त्याला स्फोट म्हणता येत नाही. जाड काच दगडावर आपटावी तसा कोरडा, छोटा आवाज. मी काचेतून पाहिलं तर चाचा प्रेससमोर उकिडवे बसलेले, दोन्ही तळहात चेहऱ्यावर धरून, आणि बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. ते ओरडले नाहीत. नुसतं "भाऊ, भाऊ" म्हणत राहिले.

डाय फुटून तिचा तुकडा उडाला होता; चाचांचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी ते दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं तेव्हा तिथं चाचांची बायको होती, तिचा भाऊ होता, शेजारच्या शेडचे दोघं मालक होते, आई होती, मी होते. तिच्या भावाने तुम्हाला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "भाऊ, ते डाय कोनं लावली?"

तुम्ही क्षणभर फरशीकडे पाहिलंत. मी तुमच्या शेजारी उभी होते आणि मला वाटलं, आता तुम्ही सांगणार, आणि ते सांगताना तुम्हाला किती जड जाईल म्हणून मी तुमच्या आणखी जवळ सरकले. तुम्ही म्हणालात, "लावली चाचानं. निवडली हिनं. डिप्लोमा झाला ना तिचा. मले वाटलं, शिकेल पोरगी हाये, सांगते तं बरोबरच असन."

आईने माझा दंड घट्ट धरला. चाचांची बायको माझ्याकडे वळली. मला वाटलं, ही आता मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "तुमको बेटी बोलते थे वो."

घरी आल्यावर तुम्ही हातपाय धुऊन जेवायला बसलात. स्वयंपाकघरात पाटावर, रोजच्याच जागी. मी दारात उभी राहिले आणि विचारलं, काहून केलं असं. तुम्ही घास खाली ठेवला नाहीत. "तुले कोन काय करते? पोट्टी हायेस. उद्या नांदाले जाशीन, लोक इसरतीन. माह्यं नाव गेलं तं दुकान बसते." त्यात रागही नव्हता आणि शरमही नव्हती. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तसं सांगितलंत. आईने माझ्या ताटात वरण वाढलं आणि म्हणाली, "खा माय, थंडं होते." मी बसले. जेवले. तुमच्यासमोर बसून जेवले, याचा मला अजून राग येतो.

लोक विसरले नाहीत, बाबा. मी नांदायला गेले तिथं ती गोष्ट माझ्या आधी पोचली होती. पहिल्या दिवाळीला सासरे हसत हसत म्हणाले, सूनबाईला स्वयंपाकघरातली विळी तेवढी द्या, मशीनजवळ नेऊ नका. अमरावतीत पहिल्या नोकरीला गेले तर मॅनेजरने अर्ज बाजूला ठेवून विचारलं, "अकोल्याच्या त्या डायवाल्या तुम्हीच का?" मला ड्रॉइंग तपासायला बसवलं. मशीनपर्यंत पोचायला माझी कितीतरी वर्षं गेली, आणि पोचले तेव्हा ऑपरेटर मला शक्की मॅडम म्हणायचे, कारण मी प्रत्येक डाय हातात घेऊन उजेडाकडे धरून बघायची. तिकडे तुम्ही चाचांना कामावरून काढलं नाहीत. फाटकावर स्टूल टाकून दिलंत, राखणीला. त्यावरून लोक तुम्हाला देवमाणूस म्हणू लागले. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत व्यापारी संघटनेचा एक जण बोलला, की मुलीच्या चुकीने ज्याचा डोळा गेला त्या कामगाराला या माणसाने शेवटपर्यंत अंतर दिलं नाही. मी पहिल्या रांगेत बसले होते. आईने पुन्हा माझा दंड धरला.

हे सगळं मी गिळलं होतं. खरं सांगायचं तर त्याची सवय झाली होती. पण नवी मशीन आली आणि चार-पाच दिवसांनी चाचा आले. अकोल्याहून एसटीने, एकटे. दाढी पांढरी झाली आहे, काळा चष्मा घालतात. कुणाकडून तरी कळलं म्हणे, मशीन पाहायला आलो. तिच्याभोवती एक चक्कर मारली, वरच्या बीमवर तळहात ठेवून उभे राहिले, मग मी दिलेल्या खुर्चीत बसले. चहा आला. ते म्हणाले, "बेटी, एक गोष्ट बोलाची होती. भाऊ होते तवा बोलता आली नाई. तुमी बापासाठी जे केलं, ते माह्या पोट्ट्याईनं बी केलं नसतं."

"मी काय केलं, चाचा?"

"भाऊनं सांगतलं होतं मले. दवाखान्यातच, मी खाटेवर होतो तवा. म्हने, पोरगी सोताहून म्हनली, बाबा माह्यं नाव घ्या, तुमच्या नावाले धक्का नाई लागला पाह्यजे. मंग मी मधात बोलनारा कोन? बेटीनं देलं, बापानं घेतलं. म्हून चूप राह्यलो. बायकोले बी नाई सांगतलं. ते आजून तुमचं नाव घेऊ देत नाई घरात, तरी नाई सांगतलं." आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "अशी औलाद नशिबानं भेटते."

बाबा, व्हरांड्यात माझं नाव घेतलंत ते मी एक वेळ समजू शकले असते. घाबरलेला माणूस हाताला लागेल त्याला पुढे करतो. पण हे तुम्ही घाबरून केलं नाहीत. चाचा शुद्धीवर आले की खरं बोलतील, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून त्यांच्या खाटेशी बसून, विचार करून, तुम्ही माझ्या गप्प बसण्याला मायेचं नाव दिलंत. बाकीचे कारागीर पगारापायी तुमच्याविरुद्ध तोंड उघडणार नव्हते; माझ्या बाजूने बोलेल असा एकच माणूस होता, आणि त्याच्या चांगुलपणानेच तुम्ही त्याचं तोंड बांधलंत.

मी म्हटलं, "चाचा, मले कोनी इचारलंच नोतं."

त्यांना नीट कळलं नाही. "काय म्हन्ता?"

मी पुन्हा सांगितलं. व्हरांड्यातलं, स्वयंपाकघरातलं, सगळं. ते ऐकत होते आणि चष्मा काढून पुसत होते. मग ते म्हणाले, "मंग मी कायले चूप राह्यलो, बेटी?"

याचं उत्तर तुम्ही द्यायचं होतं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढताना ते एवढंच म्हणाले, "घरी सांगतो आता." पुढच्या आठवड्यात त्यांच्या बायकोचा फोन आला. तिने विचारलं, "सच है क्या?" मी हो म्हटलं. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, आणि तिने फोन ठेवला. पुन्हा आला नाही. मी वाट बघत नाही असं नाही.

काल पुरवठादाराचा माणूस आला होता. मी पातळ, मध्यम आणि जाड पत्र्याला वेगवेगळ्या तोंडाच्या डाय सांगितल्या, आणि पेटीच्या आकाराच्या कामाला, उभी कड मध्ये येऊ नये म्हणून, मान वाकवलेला पंच. तो म्हणाला, मॅडम, सुरुवातीला मधली एकच घ्या, दोन्हीकडे ओढूनताणून चालते, सगळेच चालवतात. मी म्हटलं, इथं चालणार नाही. मग मी माझ्या ऑपरेटरला बोलावलं आणि त्याच्यासमोर सांगितलं, की या डाय मी निवडल्या आहेत, उद्या काही झालं आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं. तो जरा गोंधळला. त्याला वाटलं, मी रागावले आहे.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही. आईला तर नाहीच, तिच्या लेखी तो विषय कधीच संपला. पण एक कबूल करते. चाचा ती खोटी गोष्ट सांगत होते तेव्हा मी त्यांना लगेच थांबवलं नाही. हातातला चहा तसाच धरून ऐकत राहिले. त्या गोष्टीतला बाप पोरीला आधी विचारतो, आणि पोरगी हो म्हणते. तुम्ही त्या दिवशी व्हरांड्यात मला बाजूला घेऊन नुसतं विचारलं असतं ना बाबा, तर मी हो म्हटलं असतं.