तेलाच्या जाळीचा ठसा

चाचाक, १३ नोव्हेंबर

आदरणीय कूम ब्लागोये यांस,

विटोमिरचा मनापासून नमस्कार. आपल्या पायाची सूज उतरली का? वहिनींचा खोकला, तुमच्या मधमाश्या आणि कुंपणावरून भांडणारा तो शेजारी, सगळे ठीक आहेत ना? (माझ्या लग्नात चर्चमध्ये मेणबत्ती धरून तू माझ्यामागे उभा राहिलास, त्या दिवसापासून तू माझा कूम, म्हणजे सख्ख्या भावाहून वरचा. म्हणून 'आदरणीय' लिहिलं. पुढे सबंध पत्रभर 'तुम्ही' म्हणणं मला झेपणार नाही.)

तुला आठवतंच आहे, लग्नानंतर आठव्या दिवशी मी देसांकाला समुद्र दाखवायला निघालो आणि ओव्हचारच्या घाटात इंजिन जाम झालं. तेलाचा लाल दिवा बराच वेळ लागलेला होता. मला वाटलं, काचेत मावळतीचा रंग उतरलाय, आणि मी तिला त्यावर चार सुंदर वाक्यंही ऐकवली. त्यानंतर ती गाडी कशीबशी बाजारापर्यंत जात राहिली आणि 'पुढच्या उन्हाळ्यात नक्की' म्हणता म्हणता बत्तीस उन्हाळे गेले. देसांकाने अजून समुद्र पाहिलेला नाही. यंदा तिला साठ पुरी झाली. त्या दिवशी मिरच्या भाजता भाजता ती एवढंच म्हणाली, "समुद्र थांबेल रे, माझे गुडघे थांबणार नाहीत." ते मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी इंजिन खाली उतरवलं.

सगळं तू फोनवर सांगितलंस तसंच केलं. इंजिन पालथं घातलं. नवा ऑईल पंप तेलात बुडवून हाताने फिरवला, आतली हवा बुडबुडे होऊन निघून गेली. (हे बुडबुडे बघत बसण्यात एक अख्खी सकाळ गेली. तू कधी नीट बघितलेस का? शेवटचा बुडबुडा फार रेंगाळतो.) पॅकिंग नवं, बोल्ट थोडे थोडे करून आवळले, तेल ओढणारी नळी बसवली. राहिलं एकच. नळीच्या टोकाची जाळी आणि खालच्या तेलाच्या चेंबरचा तळ यांत किती जागा राहते? तू म्हणालास, मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा मध्ये ठेव, चेंबर दाबून बसव, परत काढ आणि गोळ्याची जाडी मोज. आता आमच्या घरात खेळण्यातली माती कुठली? पण दुसऱ्या दिवशी आमचा स्लावा होता, कुळाच्या संताचा दिवस, आणि स्वयंपाकघरात देसांका कोलाचचं, म्हणजे स्लाव्याच्या गोल पावाचं, पीठ मळत होती. मी सुपारीएवढं उचललं. काम असं फक्कड झालं की काय सांगू! जाडी बरोबर आठ मिलिमीटर, आणि वर जाळीचा ठसा इतका नाजूक की संथ पाण्यावर वाऱ्याची लहर उठावी. तो बघत बघतच मी स्वयंपाकघरात गेलो, आणि कुठल्याशा तंद्रीत गोळा टेबलावर ठेवून आलो.

देसांकाचा चष्मा ओट्यावर राहिला होता. कोलाचवर लावायला तिने पिठाचं कबूतर केलं होतं, द्राक्षांचा घड केला होता, त्यांच्याच शेजारी तिने हा गोळाही चिकटवला आणि भट्टीत सरकवला. स्लाव्याला सगळे गोळा झाले, आमचे पाद्री याकोवबाबा आले, आम्ही सगळ्यांनी कोलाच हातांत धरून गोल फिरवायला घेतला, आणि बाबा मध्येच थबकले.

"विटोमिर, हा कुठला संत?"

"संत नाही बाबा, तेलाची जाळी आहे."

"जागा किती सोडलीस?"

"आठ मिलिमीटर."

"माझ्या गाडीत सहाच होती," बाबा खिन्नपणे म्हणाले, "सारखा दिवा लागायचा." आणि पुढची प्रार्थना म्हणू लागले. बाबांनी क्षमा केली, पण देसांकाने नाही. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "बत्तीस वर्षं नुसता समुद्र खायला घातलास, आता इंजिनही घाल!"

असो. इंजिन गाडीत चढलं, तेल ओतलं, आणि चालू करण्याआधी ड्रिल लावून पंप फिरवला. आधी काहीच नाही. मग ड्रिल एकदम हाताला जड लागलं आणि वर वाल्वच्या रांगेत तेल हळूच उगवलं. ब्लागोये, अंधारातून एवढं चढून आलेलं ते सोनेरी तेल बघून मला भरून आलं. तेव्हा काळजी नसावी. इंजिन उत्तम झालं आहे, लवकरच आम्ही समुद्राकडे निघतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विटोमिर

ता. क. इंजिन अजून चालू केलेलं नाही. चार दिवस चावी माझ्या कोटाच्या खिशात आहे. देसांका दुपारी पर्स घेऊन गाडीत जाऊन बसते आणि तिथेच सफरचंदं सोलते. विचारत काही नाही. मी सांगतो, पॅकिंग अजून बसायचंय. खरं सांगू? मला भीती वाटते. या वेळी झालं नाही तर ती पुन्हा समुद्राचं नाव काढणार नाही. तेव्हा देवाच्या आणि संत योवानच्या नावाने मागतो, कूम, रविवारी ये आणि चावी तू फिरव. (या नावांनी मागितलेलं कूमला नाकारता येत नाही. म्हणूनच तसं मागितलं.)

आणखी ता. क. देसांकाला यातलं काही कळू देऊ नकोस. डिंक संपलाय, पाकीट तीच पोस्टात चिकटवेल.

कूमभाऊ, ही देसांका लिहितेय. उघडं पाकीट हातात दिल्यावर कोण वाचणार नाही? पोस्टाच्या वाटेवरूनच परत फिरले, ह्याच्या कोटातून चावी काढली आणि फिरवली. दिवा लागला, मी सात मोजले, विझला. जन्मभर ट्रॅक्टर चालवलाय, गाडीला काय घाबरायचं! ह्याला हाक मारली, तो घरातल्या चपलांवरच येऊन बसला आणि अर्ध्या वाटेपर्यंत डोळे मिटून होता. तुम्ही रविवारी येऊ नका, घरी कुणी नाही. आम्ही समुद्रकाठच्या बार गावी आहोत. पाणी राखाडी आहे, वारा बोचतोय, ह्याने बत्तीस वर्षं सांगितलं त्यातलं एकही खरं नाही. तो पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभा आहे आणि रडतोय, आणि मला सांगतोय की वाऱ्याने डोळे चुरचुरतात. मीही बूट काढतेय, म्हणून इथेच थांबते.