मामांना दर्या दाखवण्याबाबत

जुईनगर,
सोमवार

चि. राजवर्धन यास जुईनगरहून दाजींचे आशीर्वाद.

तू, दीक्षा आणि घरची सगळी मंडळी बरी असाल असं धरून चालतो. तुझी कंबर आता कशी आहे? शेकून फरक पडत नसेल तर एरंडाचं पान बांधून बघ (हे मला तुमच्या ज्योतिबामामांनी सांगितलं, म्हणजे तुला ते आधीच सांगून झालं असेल). माझी प्रकृती ठीक आहे. जेवण होतं, झोप लागते, म्हणजे पहाटेकडे लागते. क्षिप्रा बंगळूरहून रोज फोन करते आणि बाबा काय खाल्लं, असं विचारते. तिची आई गेल्यापासून या प्रश्नाला 'पोळीभाजी' एवढं उत्तर पुरत असे. हल्ली पुरत नाही. त्याचं कारण खाली येईलच.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनच्या वेळी मामा शेजारी बसलेले असतात. त्यांना कमी ऐकू येतं असं तू मला सांगितलं होतंस. ते बरोबर नाही. त्यांना नको असलेलं कमी ऐकू येतं.

अरुणाच्या दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, हे तुला आठवत असेल. विजेच्या खांबावर बसून तो आपल्याकडे इन्स्पेक्शनला आल्यासारखा बघत होता. बाईंची काही इच्छा राहिली असेल तर बोला, असं गुरुजी म्हणाले. क्षिप्राने हात जोडून, आई, मी वेळेवर जेवीन, असं सांगितलं. कावळा हलला नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रूपेश यांनी पाण्याची टाकी वर्षातून दोनदा साफ करून घेण्याचं सर्वांसमक्ष कबूल केलं (अरुणाने त्यासाठी त्यांना फार छळलं होतं). कावळ्याने मान तेवढी वळवली. सगळे मला म्हणत होते, तुम्ही बोला. मला चारचौघांत बोलता येत नाही, आणि त्या दिवशी तर नाहीच. तेव्हा तू पुढे झालास आणि खड्या आवाजात म्हणालास, "ताई, ज्योतिबामामाला मुंबई दावायची ऱ्हायली न्हवं? दाजी दावतील! दर्या दावतील, मासं खायला घालतील, काय प्यायचं ते पाजतील!" तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली आला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण कावळ्याचा आहे असं दिसलं. मला एवढंच वाटतं की 'दाजी दावतील' ऐवजी तू 'आम्ही दावू' म्हणाला असतास तरी तो आला असता.

संक्रांत झाली आणि मामा आले. बरोबर काकवीचा डबा, चटणीची बरणी, घोंगडी आणि लोकरीचे दोन सदरे. (इथे लोकर घालण्याइतकी थंडी पडत नाही, हे अरुणाने त्यांना गेली कित्येक वर्षं 'या मामा, एकदा या' असं म्हणताना सांगितलं नसावं.) ऐंशीला टेकलेला माणूस कागलहून एकटा आला, पिशव्या मला उचलू दिल्या नाहीत, आणि घरात शिरल्यावर अरुणाच्या फोटोकडे बघून म्हणाला, "आलो बघ." मग माझ्याकडे वळून, "जावईबापू, कवा निघायचं?"

इथे माझी अडचण सुरू झाली. तुला माहीत आहे, पाहुणे आले की त्यांना फिरवणं हे अरुणाचं खातं होतं. मी गाडी चालवायचो. ती पाहुण्यांना घेऊन पुढे जायची, मी गाडीजवळ थांबायचो. त्यामुळे या शहरातलं पार्किंग मला चांगलं माहीत आहे. बेलापूरला कुठे सावली मिळते, दिवाळे गावच्या बाजाराशी गाडी उलटी लावलेली का बरी, नेरूळच्या तळ्यापाशी कोणत्या झाडाखाली पक्षी घाण करतात, हे मी कोणालाही सांगू शकतो. पण गाडी लावल्यावर पुढे काय असतं, हे मी मामांबरोबर पहिल्यांदाच बघतोय. खरं सांगायचं तर बघण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिल्यांदा बेलापूरचा किल्ला केला. मामा पन्हाळा बघितलेले. किल्ला कुठं हाय, असं त्यांनी विचारलं. हाच, असं मी म्हणालो. "ह्यो बुरूज झाला. किल्ला कुठं हाय?" मी खाडीकडे, मग इमारतींकडे बोट दाखवलं. तिथे फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी मदत केली. पेशव्यांच्या भावाने हा किल्ला घेताना, मिळाला तर महादेवाला बेलाची माळ वाहीन असा नवस केला होता, त्यावरून हे बेलापूर, असं सांगतात म्हणाले. मामांना ते फार पटलं. नवस म्हंजी नवस, असं ते गाडीत बसेपर्यंत मला ऐकवत होते. पण त्या सरदाराने नवस स्वतः केला होता, त्याच्या मेहुण्याने नव्हे, हा फरक माझ्या लक्षात आला.

पिण्याचं म्हणशील, तर तो भाग पूर्ण झाला आहे. शहाळी झाली. उसाचा रस एका घोटात नापास झाला (कागलच्या माणसाला मी तो देऊ केला, ही चूक माझी). नीरा मात्र त्यांनी स्टेशनबाहेरच्या टपरीवर तीन पेले घेतली आणि मग शेजारच्या बाकावर बराच वेळ शांत बसून राहिले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "चढायची वाट बघतोय." नीरा चढत नाही हे सांगितल्यावर त्यांनी टपरीवाल्याकडे अशा नजरेने पाहिलं की आता त्या बाजूला गाडी लावायचं मी टाळतो.

आता दिवाळ्याचं. तिथे धक्क्याजवळ गोजराबाईंची खानावळ आहे. पत्र्याचं छप्पर, चार टेबलं. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, कोळंबीचं कालवण. अरुणा सगळ्या पाहुण्यांना तिथेच न्यायची, हे मला तिथे गेल्यावर कळलं, कारण गोजराबाईंनी मला लांबूनच ओळखलं. "आवं सायेब! तुमी ते गारीजवलचे ना? आज बाय कुठं ऱ्हायली?" मी म्हणालो, घरी. राजवर्धन, हे माझ्या तोंडून कसं गेलं मला सांगता येणार नाही. खोटं बोलायचं नव्हतं. मामांनी ऐकलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आणखी एक बोंबील मागितला. सोलकढी आली तेव्हा मात्र ते गंभीर झाले. पांढरा रस्सा गुलाबी कसा झाला आणि त्यातलं मटण कोणी काढलं, अशी त्यांची विचारणा होती. गोजराबाई म्हणाल्या, "आजोबा, ह्यो पियाचा हाय, भाकर बुरवायचा नाय." मामांनी भाकरी बुडवली. मग वाटी तोंडाला लावली. मग दुसरी वाटी मागवली.

निघताना गोजराबाईंनी कोळंबी बांधून दिली, बायसाठी म्हणून. पैसे घेईनात. घरी आणून मी ती फोन बघून केली. पुढच्या खेपेला त्यांनी परत विचारलं, बायला बरं नाय का? आणि परत कोळंबी. तिसऱ्या खेपेला मी मामांना टेबलावर बसवलं, चुलीपाशी गेलो आणि सांगितलं की अरुणा भाद्रपदात गेली. दहाव्याला मला बोलता आलं नव्हतं, तिथे आलं. गिऱ्हाइकांची वर्दळ होती, बहुतेक त्यामुळे. गोजराबाई स्टूल ओढून खाली बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग रागाने म्हणाल्या, "आनि मंग ती कोलंबी कोनी खाल्ली?" मी आणि मामांनी, असं मी सांगितलं. "बरी झालती?" मीठ जास्त झालं होतं, म्हटलं. त्या म्हणाल्या, "तिला पन जास्तच लागायचा." हे मला माहीत नव्हतं. घरी ती मीठ माझ्या चवीने घालत होती. त्या दिवसापासून त्या आमचे पैसे घेतात आणि मला उभं राहू देत नाहीत, टेबलावर बसवतात.

म्हणजे बघणं झालं, खाणं झालं, पिणं झालं. राहिला दर्या. आणि इथेच घोडं अडलं आहे.

आम्ही सारसोळेच्या जेटीवर गेलो, वाशीच्या सागर विहारला गेलो, दिवाळ्याला तर जातोच. दर वेळी पाणी गेलेलं. समोर क्षितिजापर्यंत चिखल, आणि त्यात होड्या म्हशी बसल्यासारख्या कुशीवर. नेरूळला रोहित पक्षी बघायला गेलो तर तेही ओहोटीच्या चिखलात चरायला गेले होते. लांबवर एक गुलाबी रेघ होती, ती मी दाखवली. मामा हात मागे बांधून सगळं नीट बघतात आणि म्हणतात, "जावईबापू, ह्यो चिखूल हाय. चिखूल आमच्या दूधगंगेलाबी हाय." मी वाशीच्या पुलावरून पाणी दाखवायची तयारी दाखवली. पुलावरनं बघिटलेलं धरत न्हाईत, म्हणाले. पिंडाला दिलेला शब्द आहे. बरं, पलीकडे खऱ्या मुंबईला नेतो म्हटलं, तर लगेच गुडघा दुखतो. (दिवाळ्याच्या धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना तो दुखत नाही.)

भरतीची वेळ गोजराबाई सांगतात. पण मामांच्या दिनक्रमाचा मला उलगडा होत नाही. काही दिवस ते उजाडायच्या आत टोपी घालून दारात उभे असतात आणि मला चहासुद्धा पुरा पिऊ देत नाहीत. काही दिवस अंघोळीलाच अकरा वाजवतात, मग टोपी सापडत नाही, मग दुसरा चहा, मग अगदी निघताना पोट बिघडतं. वयोमानाने होत असेल. पण पाणी कोणासाठी थांबत नाही, आणि आम्ही पोचतो तेव्हा ते गेलेलं असतं.

तेव्हा विनंती अशी. शब्द तू दिला होतास, त्यामुळे त्यात सवलत द्यायचा अधिकारही तुझाच. येत्या रविवारी तू इकडे ये. बुरूज, पक्षी, मासे आणि सोलकढी मिळून शब्द पुरा झाला असं मामांना स्पष्ट सांग आणि त्यांना घेऊन जा. चिखल हा समुद्राचाच भाग धरावा. अरुणालाही ते चाललं असतं. वर्षश्राद्धाच्या आत हे निकाली निघावं, नाहीतर त्या कावळ्यासमोर उभं राहायची माझी तयारी नाही.

दीक्षाला आशीर्वाद. कमरेची हेळसांड करू नकोस. पत्र नेहमीपेक्षा लांबलं, ते एकदा वाचून फाडून टाक.

तुझा,
दिलीप

ता. क. पत्र काल पेटीत पडलं नाही, खिशातच राहिलं, ते बरं झालं. आज सकाळी मामांना सारसोळेच्या जेटीवर उतरवून मी गाडी लावायला गेलो. तिथे जागा कुठे मिळते हे मला माहीत असल्याने मी मामांच्या अपेक्षेपेक्षा लवकर परत आलो. ते माझ्याकडे पाठ करून एका गळ टाकणाऱ्या माणसाशी बोलत होते. पाणी कधी भरेल, असं तो विचारत होता. मामांनी जेटीच्या खांबांवरची ओल बघितली आणि म्हणाले, "आता निवांत जेवून या. ऊन कललं की भरंल." तुम्हाला कसं कळतं, म्हटल्यावर म्हणाले, "तरणा हुतो तवा भाऊच्या धक्क्यावर आठ-धा वर्सं वझी उचलल्याती." तो माणूस हसला. मग काका, रोज चिखल बघायला का येता? तर मामा म्हणाले, "घरात सून मीठ तोलून घालतीया. हितं बोंबील हैत. आन् एकदा दर्या बघिटला म्हंजी जावईबापू मला कागलच्या गाडीत बसवून देणार, आन् सोता परत गाडीपाशीच हुबं ऱ्हाणार."

मी मागच्या मागे गाडीपाशी गेलो. थोडा वेळ उभा राहिलो. मग खोकत खोकत परत आलो आणि म्हणालो, मामा, आजही ओहोटीच. "व्हय की," म्हणाले, "नशीबच खोटं आपलं."

मामा धक्क्यावर होते हे तुला माहीत असणारच. म्हणजे अरुणालाही माहीत होतं. मग इतकी वर्षं ती त्यांना कुठला दर्या दाखवायला बोलवत होती, ते मला कळलेलं नाही. विचार करतोय.

ता. क. २. रविवारी येऊ नकोस. भरतीच्या वेळा मोबाईलवर मिळतात, त्या रूपेशनी मला काढून दिल्या आहेत. रविवारी सकाळी खाडी काठोकाठ भरणार आहे. त्यामुळे आम्ही जेवून, थोडं पडून, मग निघणार आहोत. मामांची टोपी मी शनिवारीच माळ्यावर ठेवतोय, म्हणजे त्यांना बिचाऱ्यांना पोटाचं सोंग करावं लागणार नाही. मामांचा शिवतेज तुला वडील कधी येणार म्हणून विचारेल. त्याला सांग, दर्या अजून दिसलेला नाही, आणि पिंडाला दिलेला शब्द आहे. कावळा फार कडक होता, हेही सांग.

ता. क. ३. मामा लोकरीचे सदरे घेऊन आले आहेत आणि इकडे आता उकडायला लागलं आहे. येणाऱ्या कोणाबरोबर त्यांचे सुती सदरे पाठव. छत्रीही पाठव.