मधल्या खोलीचा झोल

मुंद्रा (कच्छ),
३ मे २०२४

ती. मनकर्णा आत्यास,
सविनय जय भीम वि. वि.

फोनवर तुले ऐकू येत नाही आन् भावनाताई निरोपात पदरचं जोडते, म्हणून लिहून राहिलो. मधल्या खोलीचं छत वाकलं, ठेकेदार म्हणते सारं घर पाडा, आन् तू नांदगाव सोडून तिच्या अकोल्याच्या फ्लॅटात जायले निघाली म्हणे. आत्या, घाई नको करू. पाडलेलं घर तुयाच्यानं पुन्हा उभं होणार नाही.

मी आठवी नापास, पण इथं गोदामाचे छप्परच चढवतो. आता माये डोळे तू हो. दोन्ही टोकाले आढ्याच्या लाकडाखाली एक वीत सोडून दोरी ताणून बांध. मधात ती वीत किती बोटं कमी भरते ते लिहिजो. लाकूड ठोकून पाह्य, पोकळ वाजलं तर वाळवी. दोरीले दगड बांधून भिंतीजवळ सोड, म्हणजे भिंत कलली का ते दिसते. तू स्टुलावर चढली तर मी जेवणार नाही. शेजारच्या बुधाजीबाबाले चढव. आन् समोरच्या खोलीत झोप.

माया आहे तेवढी राहू दे, उरली तर पाठव.
तुया धम्मदीप

नांदगाव खंडेश्वर,
१४ मे

चि. धम्मदीप यास अनेक आशीर्वाद. जय भीम.

बुधाजीनं तुयं पत्र दोनदा वाचलं. म्हणे जलमभर सुतारकी केली, आता हे आठवी नापास मले दोरी धरायले शिकवते! तरी चढला. टोकाले वीत बरोबर, मधात चार बोटं कमी. लाकूड टणटण वाजते, भिंती सरळ.

मंग त्यानं खाली तुया बाजेकडे पाहिलं आन् हसत सुटला. तिथं खांब होता, बाबू. तुयी माय गेली आन् नऊ वर्षांचा तू इथं आला, त्या हिवाळ्यातली गोष्ट. खांबामुळं बाज बसे ना, तू खाली कुडकुडत झोपे. मीच खांब काढायले लावला. बुधाजी म्हणे, आढं वाकीन. मी म्हटलं वाकू दे, पोट्ट्याले आधी झोपू दे.

चूक लाकडाची नाही, मायीच आहे. लेकीचं, भावनाचं घर चांगलं आहे, पण मले इथंच राह्यचं आहे. पाडा लागते का, खरं सांग.

चार ओळींची का होईना, आठवण ठेव.
तुयी आत्या

मुंद्रा,
२२ मे

ती. आत्यास,
सविनय जय भीम वि. वि.

तुयं पत्र डबा खातानी वाचलं. भाकर तशीच राहिली. पंधरा वर्षं मी त्या बाजेवर उताणा पडून आढं पाहे आन् कुठं पळून जाऊ याचा विचार करे. इतक्या मोठ्या खोलीत मधात खांब काहून नाही, हे कधी मनात नाही आलं.

घर पाडायचं नाही. आढं मोडलं नाही, वाकलं फक्त. ठेकेदाराले नाही म्हणून सांगजो. बुधाजीबाबाकडून आजच बल्लीचा टेकू लावून घे. मी साहेबाले जॅक मागतला. रोज थोडं थोडं वर घेऊ. एकदम उचललं तर छपरावरचे कवेलू फुटतील. पुरं सरळ नाही झालं तरी खांबावर टेकून राहीन. १ जूनले बडनेऱ्याले उतरतो.

खांब जुन्या जागीच लागीन, बाज काढा लागीन. काढू. मले आता कुठंही झोप लागते, सिमेंटच्या पोत्यावरही. ती तू लावलेली सवय आहे, आत्या.

रागावजो, पण माया कमी नको करू.
तुया धम्मदीप