चाकाखालची लिंबं

बेटा फुलचंद,

तुही मावशी सांगून राह्यली, नात जया लिहून राह्यली.

तुह्या दारात दोन पावसाळे सडत उभी असलेली गाडी आम्ही पैसे मोजून घेतली. शिटावर कोंबडीनं अंडे घातले होते, तेही तू फुकट देल्ले. मोठा दिलदार! "मावशी, घरचीच गाडी हाय," म्हणाला. मेकॅनिकले दाखवली असती त तुले राग आला असता. मंग आम्ही चारी चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. लिंबं चिरडली तशा टाळ्या पिटल्या. ब्रेक कोणीच दाबून पाह्यला नाही.

पुसदच्या घाटात तो लागलाच नाही. माह्या नातवाचा, बादलचा, पाय गुडघ्यातून कापला. गाडीले नुसता पोचा आला.

आज घाटंजीचा एक माणूस लेकरं घेऊन गाडी इकत घ्याले आला. माह्या प्रेमदासनं पोचा ठोकून गाडीले हार घातलाच होता; ब्रेक तसाच. पोटचा पोरगा माहा, म्हणे, "घरचीच गाडी हाय."

किल्ली माह्या कनवटीले हाय. सारं घर शोधून राह्यलं.

हे पत्र तुले धाडत नाही. तुहा शब्द माह्याच घरात निघाला, आता तुले कोणत्या तोंडानं शिव्या देऊ?

अंगठा उमटवते,
सुखीमावशी