गव्हाणीतला खुळखुळा

कंग्राळी,
ता. ३ डिसेंबर १९८१

भीमाप्पांना नागुबाईचा नमस्कार.

तुम्ही आणि सुलाबाई निपाणीत खुशाल असाल. गावातला भरमू तुम्ही कामाला आहात त्या तंबाखूच्या वखारीत आलता, त्यानं पत्ता दिला. आमच्या घरी तुम्ही दहा वर्षं राबलात आणि मी कायम अरे-तुरे केलं. आज कागदावर तसं लिहवत नाही.

इकडं भात मळून झालं. थंडी बरीच आहे. परसातली खुळखुळ्याची झाडं यंदा छातीएवढी वाढली. काकतीच्या डोंगरावरनं पहिलं बी तुम्हीच आणून दिलंत. वाळक्या काड्यांना ती निळी-काळी फुलपाखरं यंदाही लोंबत होती, शे-दीडशे तरी. चुलीवरचं विसरून मी बघत राहायची.

आमची गौरी कालवड परवा मेली.

हे सांगायला बसले आणि भाताचं सांगत राहिले. महिनाभर ती वाळत होती. डोळे पिवळे, चारा सोडलेला. बेळगावहून गुरांचे डॉक्टर आले तोवर तिनं मान टाकली होती. त्यांनी गव्हाणीत हात घातला आणि खुळखुळ्याच्या काळ्या शेंगा बाहेर काढल्या.

"हे कुणी घातलं?"

"मीच. तागासारखंच झाड, म्हटलं वाया कशाला घालवा."

"बाई, ह्याच्या बियांत विष असतंय. आतनं काळीज नासत जातंय. वेळ लागतो, पण जनावर वाचत न्हाय."

मी म्हटलं, "दोन वर्षांमागं आमचा बैल असाच गेला." त्याचे डोळे पिवळे होते का, त्यांनी विचारलं.

होते, भीमाप्पा.

हरण्या बैल मेला त्या दिवशी आमच्या ह्यांनी तुम्हाला चावडीपुढं मारलं. आदल्या दिवशी तुमची दोघांची बाचाबाची झालती, म्हणून गावातला भावकू ओरडला की भीमानंच विष घातलं, आणि सगळ्यांनी तेच धरलं. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "वैनी, मी सांगितलं व्हतं की, खुळखुळा घालू नगासा. सांगा की ह्यास्नी." ह्यांनी मला विचारलं, गव्हाणीत काय घातलंस? मी म्हटलं, "कडबा. दुसरं काय न्हाय."

विषाचं मला ठाऊक नव्हतं; तुमचं सांगणं मी मनावर घेतलं नाही, पुढंही शेंगा घालत राहिले. पण शेंगा घातल्या होत्या, ते ठाऊक होतं. खरं सांगितलं तर आमचे हे सगळं परस उपटून टाकतील, फुलपाखरं यायची नाहीत, ह्या भीतीनं खोटं बोलले. एवढ्यासाठी. तुम्हाला मार बसत होता आणि मी झाडं वाचवत होते.

जाताना डॉक्टर म्हणाले, "झाडं असू द्यात. कुंपण घाला, गुरांना देऊ नका, बास." तेव्हाही एवढंच पुरलं असतं.

मी ह्यांना तिथंच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गावात बोलू नगंस." काल मी मारुतीच्या कट्ट्यावर जाऊन बोलले. वाटलं, लोक माझ्या तोंडावर थुंकतील. भावकू तंबाखू मळत म्हणाला, "असू दे वैनी, त्यो गेलाच की गाव सोडून." बाकीचे बटाट्याच्या बियाण्याचं बोलू लागले. कुणाला काहीच वाटलं नाही!

परत या, असं लिहायला मला तोंड नाही. माफीही मागत नाही. पण वखारीतसुद्धा तुम्हाला 'बैलमाऱ्या' म्हणतात, असं भरमू सांगत होता. म्हणून लेकीकडून लिहून न घेता मी स्वतः लिहिते आहे. कुणी तसं म्हणालं तर हा कागद पुढं करा.

हरण्या बैल माझ्या हातच्या चाऱ्यानं मेला. भीमाप्पांनी विष घातलं नाही. मी खोटं बोलले.

हे लिहून देणार,
नागुबाई जोतिबा पावशे