सव्वातीन इंचांची शेवंड

ओरिन,

वरच्या पिंपात चौदा शेवंडी लहान निघाल्या. समुद्रात सोडायला चाललेय. कायद्याने डोळ्यापासून पाठीचं कवच निदान सव्वातीन इंच हवं, म्हणजे तुझ्या त्या आकडेवाल्या यंत्रावर ३.२५. तू शेवटचा पाच उडवून ३.२ धरलंस. वर तोंड करून म्हणतोस, "एवढ्याशाने काय होतंय, आजी?" अरे शहाण्या, त्या एवढ्याशातच चौदा पिल्लं मावली! मी तिसरीत शाळा सोडली, तरी तीन आणि चारच्या मधे किती जागा असते ते मला कळतं.

आजोबांचं पितळी माप टेबलावर आहे. उरलेल्या मोजल्याशिवाय जेवायला बसू नकोस.

धक्क्यावर मासेमारी खात्याच्या वॉर्डनने अडवलंच, तर मोजताना मीच चुकले म्हणून सांगेन. साठ वर्षांत पहिल्यांदा. तुझं लायसन्स जाता कामा नये.

आजी