रघुजी म्हणतो, आय्तु

शिवाजीनगर, बेंगळूर
१४ ऑक्टोबर १९९५

ती. सकवारअक्का,

तुझ्या धाकट्याचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळं बरं चाललंय. तिकडे तुझे गुडघे, तुझी म्हैस आणि तुझी सून, तिघंही धडधाकट असावीत. (भव्या, हे तूच सासूबाईंना वाचून दाखवत असशील, तर रागावू नकोस. क्रम वयाप्रमाणे लावला आहे.)

तुझं पत्र पोचलं. भाऊबीजेला हुबळीला ये, नाहीतर निरांजन घेऊन मीच तुझ्या दारात उभी राहते, ही धमकीही पोचली. पण यंदा नाही जमायचं गं. कारण ऐकून हसशील. माझ्या घरात एक तान्हं आहे.

रस्ता रुंद करायचा म्हणून उन्हाळ्यात समोरचं जुनं झाड पाडलं. त्याच्या ढोलीत पोपटाची पिल्लं होती. बाकीची गेली. एक माझ्या पायरीशी येऊन पडलं, नुसतं गुलाबी मांस आणि चोच. दोन दिवसांचा सोबती, असं म्हणून उचललं. भिजवलेल्या डाळीचा लगदा करकरून भरवला, तर गडी जगला. आता अंगभर हिरवा आहे, चोच लाल आहे, शेपूट लांब झालंय. गळ्यावर कंठी अजून नाही, त्यामुळे राव की बाई ते देवाला ठाऊक. साऱ्या जगाचा राघू असतो, पण ह्याचा तोरा पाहून मी रघुजी ठेवलंय. हाक मारताना आदराने मारावी लागते, नाहीतर बोट फोडतो.

आणि बोलतो काय सांगू! आपल्या घरी बाकी सगळं मराठीत, पण जेवणाची चौकशी मात्र आई कानडीतच करायची, आठवतंय ना? 'ऊट आय्ता?' म्हणजे जेवण झालं का, आणि 'आय्तु' म्हणजे झालं. कुंपणापलीकडचे शेषगिरी रोज दुपारी मला हेच ओरडून विचारतात, "पद्मनाभरावरे, ऊट आय्ता?" मी इकडून ओरडतो, "आय्तु, आय्तु!" हे ऐकून ऐकून रघुजीने दोन्ही उचललं. प्रश्नही तोच विचारतो आणि उत्तरही तोच देतो. प्रश्न शेषगिरींच्या आवाजात, उत्तर माझ्या. शेषगिरींची बायको एकदा फसली आणि मी न विचारताच उत्तर का देतोय म्हणून कुंपणाशी येऊन बघून गेली.

दुकान बंद केल्यापासून शिवणयंत्र घरातच आहे. रेडिमेडच्या ह्या दिवसांत कोटाचं माप द्यायला कोण येतंय? हात गंजू नयेत म्हणून माझेच कपडे उसवून शिवतो. परवा तो तपकिरी कोट दोन्ही बाजूंनी आत घेतला. जुनं कापड सैल पडतं.

तू दर पत्रात विचारतेस तसं ह्याही पत्रात विचारलंस, वेळेवर जेवतोस ना? वेळेवर आणि पोटभर. मुळीच काळजी करू नकोस.

तर रघुजीला टाकून येता येत नाही आणि रेल्वेत पिंजरा घेऊन बसलो तर लोक मला भविष्य सांगणारा समजतील. तुझी ओवाळणी माझ्याकडे राहिली.

तुझा
पद्मू


शिवाजीनगर
३० ऑक्टोबर

ती. अक्का,

नमस्कार. तू पाठवलेली कुंकवाची पुडी आणि खोबऱ्याची वाटी मिळाली. भाऊबीजेला आरशासमोर उभा राहून स्वतःच टिळा लावला. जरा वाकडा लागला.

रघुजी आजारी आहे. तुला हे कळवण्यासारखं नाही खरं, हुबळीत माणसांची दुखणी काय कमी आहेत? पण दुसऱ्या कोणाला सांगू?

दिवाळीत आमच्या गल्लीत फटाक्यांचा धूर इतका साचला की समोरचं घर दिसेना. मी पिंजरा खिडकीत तसाच ठेवला होता. त्याला मजा वाटत असेल, असं समजत होतो. त्यानंतर तो जरा शांत झाला. मला वाटलं, पोर मोठं झालं, शहाणं झालं. दिवसाउजेडी पिसं फुगवून झोपायला लागला, तर मी म्हटलं थंडी पडलीय. एरवी एक पाय पोटाशी घेऊन झोपायचा, आता दोन्ही पायांनी दांडी धरून बसायचा. मी हे सगळं पाहत होतो. डोळे शिंप्याचे, अर्ध्या सुताचा फरक असला तरी दिसतो. दिसलं सगळं, अक्का, पण मनावर घेतलं नाही.

कारण काय, तर मी दुपारी विचारायचो, "रघुजी, ऊट आय्ता?" आणि तो डोळे अर्धे मिटून म्हणायचा, "आय्तु." वाटीत बघावं तर टरफलंच टरफलं. मी खूश. म्हणायचो, पोरगं बोलतंय, खातंय, मग आणखी काय पाहिजे?

मग एका सकाळी तो दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसला. प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली होत होतं. चपलेच्या खोक्याला भोकं पाडली, त्याला आत ठेवलं आणि रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. बाकावर एक म्हातारी बोकड घेऊन बसली होती, एक साहेब केसाळ कुत्रं घेऊन बसला होता आणि मी खोकं घेऊन. कोणी विचारलं नाही आत काय आहे ते. बरंच झालं, माझ्याने बोलवलं नसतं.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, रूपश्री नाव. रघुजीला तिने रुमालात असं धरलं की त्याला चावायला जागाच उरली नाही. त्याच्या छातीवरून बोट फिरवलं आणि मग माझं बोट धरून तिथे ठेवलं. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं होतं. वरून पिसं फुगलेली, त्यामुळे गुबगुबीत दिसत होता, आणि आत काही नाही.

"किती दिवस जेवला नाही हा?" तिने कानडीत विचारलं.

मी म्हटलं, "जेवतो ना! टरफलं पडतात. शिवाय विचारलं की सांगतो."

ती हसली नाही. म्हणाली, "रायरे, पाखरू दुखणं लपवतं. थव्यात जो अशक्त दिसतो त्याच्यावर आधी झडप पडते, म्हणून अगदी गळून पडेपर्यंत ते बरं असल्यासारखं वागतं. दाणा फोडतं, टरफल टाकतं, आतला गर खाली सोडून देतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, खातंय. त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. त्याची शीट बघा, रोज वजन करा, आवाज बसला का बघा, शेपूट हलतंय का बघा."

छातीत धूर आणि गारठा गेलाय म्हणाली. थेंब दिले, दिवसातून दोनदा चोचीत सोडायचे. खोक्यात ऊब ठेवायची, पिंजरा वाऱ्यापासून लांब. निघताना तिने रीतीप्रमाणे, म्हणजे इथे सगळेच विचारतात तसं, मला विचारलं, "ऊट आय्ता, रायरे?"

मी म्हटलं, "आय्तु."

आणि अक्का, खोक्यातून अगदी बारीक, चिरका आवाज आला, "आय्तु."

तेव्हा मात्र ती हसली. म्हणाली, "ह्याला खोटं बोलायला कोणी शिकवलं?"

मीही हसलो. घरी येईपर्यंत हसत होतो. शेषगिरींनाही सांगितलं, तेही हसले.

तो वाचेल की नाही, ते ती सांगत नाही. स्वल्प बघू या म्हणते. बल्ब लावून खोकं उबेला ठेवलंय. वीज गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवतो. बाकी इकडे सगळं बरं.

पद्मू


शिवाजीनगर
१५ नोव्हेंबर

अक्का,

हे पत्र भव्याला वाचायला देऊ नकोस. तुझं ते मोठं भिंग काढ, उन्हात बस आणि वेळ लागला तरी तूच वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय.

आधी रघुजीचं सांगतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहणार नाही. तो वाचला. काल त्याने माझी कानशिलं पकडून केस ओढले, इतका वाचला.

पण तो वाचला कसा, ते ऐक. थेंब दिले, ऊब दिली, श्वास सुधारला, शेपूट थांबलं. तरी खायला तयार नाही. पेरू कापून ठेवला, कणीस ठेवलं, मऊ भात बोटावर धरला. मान वळवायचा. पुन्हा रूपश्रीबाईंकडे गेलो. तिने वजन केलं आणि कपाळाला हात लावला. मग विचारलं, "तुम्ही कुठे जेवता?"

मी म्हटलं, "घरीच."

"त्याच्यासमोर?"

मी खोक्याचं झाकण नीट करत बसलो.

"एकटा पोपट जेवत नाही, रायरे. थवा खाली उतरतो, सगळे खायला लागतात, मग तो खातो. ह्याचा थवा म्हणजे तुम्ही. पिंजरा ताटाजवळ ठेवा आणि पोटभर जेवा. तो बघेल आणि जेवेल."

सरी, बरं तर, म्हटलं आणि घरी आलो. खोकं खाली ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

अक्का, तुझी भावजय लक्ष्मी गेल्यापासून त्या चुलीवर मी कॉफीशिवाय काही केलेलं नाही. वर्ष होऊन गेलं. कोपऱ्यावरच्या बेकरीतला बन उभ्या उभ्या खातो, कधी तोही राहतो. भूक लागत नाही असं नाही. ताट मांडायला बसलं की दोन मांडली जातात, म्हणून मांडणंच सोडलं. शेषगिरी ओरडले की मी आय्तु म्हणायचो. तू पत्रात विचारलंस की सुंदर अक्षरात आय्तु लिहायचो. तू येऊन बघशील म्हणून हुबळीला आलो नाही, रघुजी हे निमित्त होतं. तो तपकिरी कोट मी दोन वेळा आत घेतला. मी जन्मभर शिंपी आहे. जुनं कापड सैल पडत नाही, उलट आटतं, हे मला माहीत नाही का? आणि तू शिंप्याचीच मुलगी, तुझ्याही ध्यानात आलं असेल. भव्यापुढे बोलली नसशील इतकंच.

त्या दिवशी मी तांदूळ धुतले. डबा उघडला तर आत लक्ष्मीने किडीसाठी घातलेली कडुनिंबाची पानं वाळून चुरा झाली होती. भात केला, तुरीचं सारू केलं, वर लसणाची फोडणी. फोडणी जळाली. पाट घेतला, एकच घेतला, आणि पिंजऱ्याचं दार उघडून रघुजीला समोर बसवलं. पहिला घास तोंडात घेतला आणि तो खाली जाईना. मी खूप रडलो गं. भात हातात, सारू कोपरापर्यंत ओघळलेलं, एवढा मोठा माणूस पोपटासमोर बसून रडतोय. तो मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिला. मग मी घास गिळला. दुसरा घेतला. त्याचा जीव जातोय म्हणून घेतला, माझ्यासाठी नाही.

बराच वेळ तो तसाच बसला. मग एकेक पाऊल टाकत ताटाच्या कडेशी आला आणि एक शीत उचललं. गिळलं. मी ताट उचलून खाली बघितलं, कुठे शीत पडलेलं नव्हतं. मग त्याने दुसरं उचललं.

मी सवयीने विचारलं, "रघुजी, ऊट आय्ता?"

काही बोलला नाही. खात होता.

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही दोघं जेवतो. त्याच्यासाठी मला रांधावं लागतं. पण रात्रीचं मला अजून जमत नाही. तो अंधार पडला की झोपतो, मग मी पुन्हा एकटा आणि पुन्हा तीच चूल. परवा शेषगिरींनी संध्याकाळी कुंपणावरून विचारलं. तोंडात आलं होतं आय्तु. गिळलं. हात हलवून आत आलो.

तुला आठवतं? मी लहानपणी खेळून उशिरा यायचो, आई चिडलेली असायची, 'ऊट आय्ता?' विचारायची आणि मी भीतीने म्हणायचो, आय्तु. शेजारी जेवलो असं सांगायचो. तू स्वयंपाकघराच्या दारातून मोठ्याने सांगायचीस, "नाही गं आई, पद्मूचं ऊट आगिल्ला, जेवलाच नाही तो." मग ताट यायचं. मला तुझा राग यायचा आणि मी जेवायचो.

आता तसं सांगायला इथे कोणी नाही. म्हणून मीच सांगतो.

भाऊबीज होऊन गेली, हरकत नाही. रघुजीला थंडीत प्रवास नको, डॉक्टरच म्हणाली. तूच ये. गुडघे घेऊन ये, म्हैस भव्याला सांभाळू दे. ओवाळायचं ताट आणू नकोस, जेवायचं ताट इथे आहे. मी स्टेशनवर येईन. मला ओळखलं नाहीस तर तपकिरी कोट बघ.

अक्का, ऊट आगिल्ला.

पद्मू